घूं, टक् आणि चिक चिक : जुन्या जिप्सीचे तीन आवाज

आमची मारुती जिप्सी 2003 सालची, पेट्रोलवर चालणारी. गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. तिथे जायचं तर डांबरी रस्ता सोडून जांभ्या दगडाची उभी घाटी उतरायची आणि खाली व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा. सुपारी, नारळ, मार्च लागला की काजूच्या बिया, सगळं याच गाडीतून वर येतं. चारही चाकांना ताकद लागल्याशिवाय ती घाटी भरलेल्या गाडीने चढता येत नाही, आणि पावसाळ्यात तर रिकाम्यानेही नाही. त्यामुळे चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर गाडीच्या खालून आवाज यायला लागले तेव्हा काजूच्या हंगामाआधी त्यांचा छडा लावायचाच, असं ठरवलं.

आवाज एक नव्हता, तीन होते. क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून ‘टक्’. बैलगाडीच्या वेगाने जाताना, विशेषतः सकाळी कोरड्या रस्त्यावर, एक बारीक ‘चिक चिक’. आणि पन्नासच्या पुढे गेलं की ‘घूं’ असा घुमणारा सूर, जो साठला सगळ्यात मोठा व्हायचा आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की बदलायचा. तो नेमका कुठून येतो हे सांगता येत नव्हतं. मला वाटायचं माझ्या सीटच्या खालून येतो, शेजारी बसलेल्या पुतण्याला वाटायचं मागून येतो. शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं तर त्यांनी एक चक्कर मारली आणि गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारी पेटी) दोन्ही खोलावे लागतील असं सांगितलं. कशावरून, हे सांगितलं नाही. मी गाडी परत आणली.

पुढचं समजायला जिप्सीची खालची रचना थोडी सांगायला हवी. बऱ्याच फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली असते. जिप्सीत ती वेगळी, स्वतःच्या रबरी माउंटिंगवर, चॅसीच्या मधोमध बसवलेली असते. गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो, आणि तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या अॅक्सलकडे, दुसरा पुढच्याकडे जातो. शाफ्टच्या प्रत्येक टोकाला एक वाकणारा सांधा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. तीन शाफ्ट, प्रत्येकाला दोन टोकं, म्हणून क्रॉस सहा. शिवाय पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब आहेत. ते फ्री ठेवले की पुढची चाकं नुसती बेअरिंगवर फिरतात, आतलं पुढचं सगळं यंत्र स्थिर राहतं. आवाज शोधणाऱ्याला याहून सोयीची गाडी मिळणं कठीण. कारण प्रत्येक भाग वेगळा करून, एकट्याला चालवून किंवा एकट्याला थांबवून ऐकता येतो.

कुळे इथे दूधसागरच्या जीपगाड्यांची कामं आयुष्यभर केलेले एक मेस्त्री आमच्या ओळखीचे आहेत. आता ते थकलेत, पण सल्ला विचारला की मनापासून देतात. त्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आदीं आयक, मागीर खोल.” (आधी ऐक, मग खोल.) चॅसीचं लोखंड आवाज इकडून तिकडे वाहून नेतं, तेव्हा कुठून आला वाटतो याच्यावर जाऊ नको, काय बंद केल्यावर थांबला तेवढंच बघ, असंही सांगितलं. मग मी आणि पुतण्याने त्याच रीतीने जायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय ऐकू आलं ते वहीत लिहायचं, आणि दोन गोष्टी कधीच एकदम बदलायच्या नाहीत.

पहिला प्रश्न असा की आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की गाडीच्या वेगाबरोबर. साखळीकडे जाताना एक लांब, सरळ, मोकळा पट्टा आहे. तिथे साठ धरून पाचव्यात, मग साठच धरून चौथ्यात चालवली. इंजिनाचा सूर बदलला, घूं मात्र जागचा हलला नाही. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले, गिअरबॉक्सचाही बराचसा भाग सुटला.

दुसरा प्रश्न टायरचा. दातेरी टायर डांबरावर घुमतात आणि अनेकांनी टायरच्या आवाजापायी डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधली, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारी दातेरी चक्रं) खोललेलं मी पाहिलं आहे. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो. गुळगुळीत नव्या डांबरावर कमी, खडबडीत जुन्यावर जास्त. शिवाय पाय अॅक्सिलरेटरवर असो वा नसो, टायरला फरक पडत नाही. आमचा घूं नव्या-जुन्या दोन्ही डांबरांवर सारखाच होता आणि पाय उचलला की सूर बदलत होता. टायरही सुटले. चाकाचं बेअरिंग असतं तर गाडी हलक्या हाताने डावी-उजवी झुलवल्यावर वजन एका बाजूला जातं तसा आवाज कमी-जास्त झाला असता. तेही झालं नाही.

पायाचा हा फरक फार बोलका असतो. डिफरन्शियलमध्ये शाफ्टकडून फिरणारं छोटं चक्र म्हणजे पिनियन आणि ते ज्याला फिरवतं ते मोठं चक्र म्हणजे क्राऊन. त्यांच्या दातांना दोन बाजू असतात. इंजिन गाडीला ओढत असताना दाताची एक बाजू घासते, पाय काढल्यावर चाकं उलट इंजिनाला फिरवतात तेव्हा दुसरी. फक्त ओढताना आवाज आला तर एका बाजूची झीज, फक्त सोडल्यावर आला तर दुसऱ्या बाजूची. दोन्हीकडे येतो पण सूर बदलतो असं झालं तर पिनियनच्या बेअरिंगकडे बघायचं. आमच्या वहीत तिसरी नोंद होती. पण कुठलं पिनियन? मागचं की पुढचं? आणि ट्रान्स्फर केसमध्येही बेअरिंगं आहेतच.

पुढचं तपासणं सोपं होतं. टू-व्हीलमध्येच, हब फ्री ठेवून एक फेरी आणि हब लॉक करून दुसरी. लॉक केल्यावर चाकं आपल्याबरोबर पुढचे अर्धे शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट सगळ्यांना फिरवतात, ताकद नसली तरी. घूं दोन्ही फेऱ्यांत तेवढाच. चिक चिकही तेवढीच. पुढचा अॅक्सल आणि पुढचा शाफ्ट मोकळे.

आता ट्रान्स्फर केस. तिचा दांडा 4H (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि 4L (चारही चाकं, हळू पण जास्त ताकद) यांच्या मध्ये न्यूट्रलला आणता येतो. तसं केलं की इंजिन, गिअरबॉक्स, आखूड शाफ्ट आणि ट्रान्स्फरच्या आतली पहिली चक्रं फिरतात, पण गाडी जागेवर उभी राहते. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो : ट्रान्स्फर न्यूट्रलला असताना गाडी गिअरमध्ये असूनही गडगडते, कारण चाकं आणि इंजिन यांचा संबंधच तुटलेला असतो. आम्ही अंगणातल्या सपाट जागेवर चारही चाकांना पुढून-मागून चिरे लावले, मगच इंजिन चालू केलं, आणि फिरत्या शाफ्टखाली कोणीही गेलं नाही. मी गिअर टाकत गेलो, पुतण्या लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक आधी गिअरबॉक्सला, मग ट्रान्स्फर केसच्या कवचाला लावून बाजूने ऐकत होता. बेअरिंग चांगलं असेल तर एकसंध सळसळ येते. खराब असेल तर खडा अडकल्यासारखी खरखर. दोन्हीकडे सळसळच होती. “काका, इथे काही नाही,” तो म्हणाला. क्लच दाबून-सोडूनही ऐकलं. दाबल्यावर आवाज उठला तर रिलीज बेअरिंग, न्यूट्रलमध्ये सोडल्यावर उठला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. काहीच नाही.

पण त्याच प्रयोगात टक् सापडला. गिअर टाकून क्लच सोडताना ट्रान्स्फर केस आपल्या जागेवर अंगठाभर वळत होती आणि सुटली की परत येऊन आदळत होती. तीन माउंटिंगपैकी एकाचं रबर धातूपासून पूर्ण सुटलं होतं. वरून चिखल लागलेला, त्यामुळे उभ्या गाडीत चांगलंच दिसत होतं. इंजिन बंद करून टॉमीने (लोखंडी दांड्याने) हळूच उचललं तेव्हा फट उघडली.

एवढ्यावर टक् मिटेल असं वाटलं होतं. इंजिन बंद, चाकांना चिरे तसेच, सगळं न्यूट्रलमध्ये, आणि मी गाडीखाली जाऊन एकेक क्रॉस हाताने तपासला. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारं दुशाखी टोक) एका हातात, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या हातात धरायचा आणि उलट दिशांना पिळायचा. चांगल्या क्रॉसला हालचाल जाणवतच नाही. आखूड शाफ्टच्या मागच्या क्रॉसला जाणवली, केसाएवढी पण स्पष्ट. आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर भुकटी होती.

आपल्याकडे गाडीखाली सगळंच लाल असतं. जांभ्याची माती, धूळ, चिखल, पावसाळ्यानंतर तर एकही नट मूळ रंगात दिसत नाही. त्यामुळे गंजाची भुकटी सहज नजरेतून सुटते. मी ओलं फडकं घेऊन दोन्ही पुसून पाहिलं. जांभ्याची माती पाण्याने विरघळून नारिंगी लगदा होते आणि बोटांवर मऊ लागते. टोपीच्या सीलमधून बाहेर आलेली भुकटी विरघळली नाही. गडद विटकरी राहिली आणि अंगठ्याखाली कचकच लागली. ते ग्रीस संपलेल्या सुयांच्या बेअरिंगचं पीठ होतं. खात्रीसाठी त्या टोप्यांच्या कडेला पातळ तेल सोडलं आणि गाडी पायवाटेच्या वेगाने अंगणात फिरवली. चिक चिक गेली. दुसऱ्या दिवशी तेल निघून गेल्यावर परत आली. व्हाळ ओलांडून आल्यावर थोडा वेळ आवाज का येत नसे, तेही कळलं. पाण्यानेच तेवढं काम केलेलं असायचं.

घूं अजून बाकी होता. संशय मागच्या हाउसिंगवर होता, पण संशयावर अॅक्सल खोलायचा नाही हे ठरलेलं. मेस्त्रींनी पुढची युक्ती सांगितली, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह वापरणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. मागचा प्रोपेलर शाफ्ट उतरवून ठेवायचा, पुढचे हब लॉक करायचे, दांडा 4H ला टाकायचा आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालवायची. एरवी कोरड्या डांबरावर 4H वापरू नये, कारण जिप्सीत मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन बसतो. पण मागचा शाफ्टच नसेल तर पीळ कुठून बसणार? तेव्हा या अवस्थेत डांबरावर चालवायला हरकत नाही. शाफ्ट काढण्याआधी सरकत्या जोडाच्या दोन्ही अर्ध्यांवर आणि फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीवर) पांढऱ्या रंगाची खूण केली. दोन टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. परत बसवताना जोड एखाद्या दाताने जरी फिरला तरी नवीन थरथर विकत घेतल्यासारखं होतं.

तशी गाडी साखळीच्या रस्त्यावर काढली. स्टिअरिंग जड लागत होतं, ते अपेक्षित होतं. साठला पोचलो. घूं नाही असं नव्हे, पण एवढासा आणि बारीक. आणि महत्त्वाचं म्हणजे पाय उचलला, दाबला, उचलला, तरी सूर तोच. मागची चाकं अजूनही मागच्या डिफरन्शियलला आतून फिरवत होती, पण पिनियनवर ओझं नव्हतं. आवाज ओझ्याबरोबर गेला होता. ट्रान्स्फर केस तर पूर्ण ताकदीने चालत होती आणि शांत होती. शहरातल्या गॅरेजने सांगितलेलं काम केलं असतं तर दोन चांगली यंत्रं खोलली गेली असती आणि घूं तसाच राहिला असता.

घरी येऊन मागच्या पिनियनच्या फ्लँजला धरून वर-खाली हलवलं. हलला. गोल फिरवल्यावर तिथे थोडी हालचाल असतेच, दातांमधला मोकळेपणा म्हणून; पण वर-खाली किंवा आत-बाहेर अजिबात हलता कामा नये. मग खालचा ड्रेन नट उघडला. आधी आलं ते तेल नव्हतं, पाण्याची पातळ धार होती, आणि तिच्यामागून दुधाळ करडं तेल. नटाच्या चुंबकावर करडी लापशी होती, ती थोडीफार चालते. पण लापशीत बोटाला टोचणारे चपटे तुकडे होते. ते बेअरिंगच्या पृष्ठभागाचे.

पाणी आत गेलं कसं, याचं उत्तर अॅक्सलच्या वरच्या बाजूला सापडलं. प्रत्येक अॅक्सलला श्वास घ्यायला एक ब्रीदर असतो. गाडी चालून अॅक्सल तापतो, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. गार झाला की हवा परत आत येते. आमचा ब्रीदर जांभ्याच्या चिखलाने दगडासारखा बंद झाला होता. तापलेला अॅक्सल घेऊन आम्ही घाटी उतरून थेट व्हाळात शिरतो. पाण्याने अॅक्सल एकदम गार होतो, आत हवा आकसते, ब्रीदर बंद असल्यामुळे ती ओढ तेलाच्या सीलवर येते आणि सीलच्या ओठातून पाणी आत खेचलं जातं. पावसाळाभर रोज थोडं थोडं. सील बदलून हे थांबत नाही. व्हाळ, नदी ओलांडणाऱ्या गाड्यांत हे कारण लोक मानतात त्याहून कितीतरी जास्त वेळा असणार.

दुरुस्तीचं काम फोंड्याच्या बाजूच्या एका फिटरकडे केलं, मेस्त्रींनीच त्याचं नाव सुचवलं. जिप्सीचं उत्पादन 2019 मध्ये बंद झालं, पण सैन्यात ही गाडी मोठ्या संख्येने वापरली गेल्यामुळे बेअरिंग, सील, क्रॉस, माउंटिंग अजून मिळतात. मागचे अर्धे शाफ्ट बाहेर ओढले, डिफरन्शियलचा आख्खा गाभा पुढच्या बाजूने काढून टेबलावर ठेवला. पिनियनच्या दोन निमुळत्या बेअरिंगपैकी बाहेरच्याच्या रोलरवर गंजाचे खड्डे होते, आतल्यावर नुसते डाग. दोन्ही बदलली.

या कामात सगळ्यात नाजूक भाग पिनियनचा नट आवळण्याचा आहे आणि तो मी डोळ्यांनी बघितल्याचा मला आनंद आहे. दोन बेअरिंगच्या मध्ये एक चिरडणारी नळी असते. नट आवळत गेलं की ती दबते आणि बेअरिंगवर ठरावीक ताण बसतो. कमी आवळला तर पिनियन हलतो, जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं. आणि जास्त आवळल्यावर नट सैल करून भागत नाही, नळी दबलेली ती दबलेलीच, नवी घालावी लागते. फिटरने फ्लँजला दोरी गुंडाळली, दोरीच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि संथपणे ओढून, पिनियन फिरताना काटा किती दाखवतो ते बघितलं. थोडं आवळायचं, ओढायचं, बघायचं. परत थोडं. शेवटी शेवटी तर पान्याचा नुसता धक्का. मग क्राऊनच्या दातांना रंग लावून फिरवलं आणि पिनियनचा ठसा दाताच्या मध्यावर उमटतो का ते तपासलं. पहिल्यांदा ठसा एका टोकाकडे होता, म्हणून शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) बदलून पुन्हा सगळं केलं. हे काम घाईने करणाऱ्याकडे देऊ नका.

खराब निघालेले क्रॉस बदलले, बाकीच्यांना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरलं, ट्रान्स्फरची तिन्ही माउंटिंग नवी घातली. डिफरन्शियलमध्ये जीएल-5 दर्जाचं तेल घातलं, कारण या जातीच्या दातांची एकमेकांवर सरकण्याची घासण फार असते. गिअरबॉक्समध्ये मात्र तेच सरसकट ओतू नये. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना चावतात, तिथे पुस्तिकेत सांगितलेलं तेलच घालावं. ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती चॅसीवरून उंच नेली आणि तिचं तोंड व्हाळाच्या पाण्याच्या खूप वर, खाली वळवून बांधलं. पुढच्या अॅक्सलचंही तसंच केलं, तिथलं तेल तेव्हा स्वच्छ असूनही.

टक् गेला, चिक चिक गेली. पन्नास ते साठच्या दरम्यान पाय उचलल्यावर एक हलकी शीळ राहिली आहे. क्राऊन-पिनियनची जोडी जुनीच ठेवली. पाण्यात काढलेल्या पावसाळ्याची थोडी खूण दातांवर उरणार हे फिटरने आधीच सांगितलं होतं. सुरुवातीला काही दिवस प्रत्येक फेरीनंतर पिनियनजवळच्या हाउसिंगवर हात ठेवून बघत होतो. हात ठेवता येतो, म्हणजे बेअरिंग जास्त आवळलेलं नाही. पहिलं तेल लवकर काढून बदललं, चुंबकावर फक्त बारीक लापशी होती. त्या शिळेचा वेग आणि सूर वहीत लिहून ठेवला आहे आणि पुतण्याने फोनवर ध्वनिमुद्रणही केलं आहे. ती वाढली किंवा ओढतानाही यायला लागली, तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे. यंदा काजूच्या बिया मात्र याच गाडीने वर आल्या.